मदत हवी आहे: लेक इरीवर ट्रोलिंग. शेजारच्या बोटींना वॉलआय, आम्हाला नुसते शीपहेड

नमस्कार मंडळी,

मी मूळचा अलिबागचा, सध्या ओहायोत क्लीव्हलंडजवळ राहतो. लहानपणी वडिलांबरोबर खाडीवर गळ टाकून बसायचो. पण बोट हळूहळू चालवत मागे आमिष ओढायचं, हा ट्रोलिंगचा प्रकार इथे आल्यावर शिकतोय. गेल्या वर्षी एक जुनी १८ फुटी बोट घेतली. मुलगा १२ वर्षांचा आहे, दर शनिवारी पहाटे ४ वाजता माझ्याआधी तयार होऊन बसतो. एक तरी चांगला वॉलआय त्यानं स्वतःच्या हातानं ओढून काढावा, एवढीच इच्छा आहे.

ज्यांनी हा मासा पाहिला नाही त्यांच्यासाठी: अंगावर पिवळट सोनेरी झाक, तोंडात सुळ्यासारखे दात आणि जिताड्यासारखेच बॅटरीच्या उजेडात चमकणारे डोळे. त्या डोळ्यांमुळे कमी उजेडातही त्याला छान दिसतं, म्हणून पहाट आणि संध्याकाळ त्याची शिकारीची वेळ. मांस पांढरं, काटे कमी, तळून अप्रतिम.

आता अडचण. गेल्या शनिवारी (जुलैचा शेवट) पाणी ६२ फूट खोल होतं. सोनारवर, म्हणजे पाण्याखालचे मासे दाखवणाऱ्या यंत्रावर, ३५ ते ४० फुटांवर माशांच्या कमानी सतत दिसत होत्या. दोघांचे मिळून ४ रॉड, प्रत्येकाला प्लेनर बोर्ड, म्हणजे लाइन बोटीपासून बाजूला नेणारी ती फळी. उजवीकडच्या दोन्ही रॉडना खोल जाणारे क्रँकबेट (ओढलं की बुडी मारणारे माशाच्या आकाराचे खोटे आमिष), रिळावरच्या लाइन मोजणाऱ्या काउंटरवर ११० फूट लाइन सोडलेली. डावीकडे गांडुळाचे हार्नेस (गांडूळ ओवलेले गळ आणि पुढे फिरती पाती) आणि २ औंसांचं वजन. वेग जीपीएसवर ताशी २ मैल.

४ तासांत ५ शीपहेड (इथे कुणी मुद्दाम न धरणारा मासा) आणि १ छोटा व्हाइट पर्च, सगळे हार्नेसला. क्रँकबेटला काहीच नाही. वॉलआय फक्त दोनदा लागला. एक १३ इंचांचा होता, इथे १५ इंचांखालचा ठेवता येत नाही, सोडून दिला. दुसरा चांगला मोठा होता, जाळीपासून हातभर अंतरावर सुटला. पोरगा रिकामी जाळी धरून बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला. त्याच वेळी जवळच्या दोन बोटी माणशी ६ माशांची मर्यादा पूर्ण करून ९ वाजता परत निघाल्या होत्या.

रंग बदलले, आमिषं बदलली. नेमकं काय चुकतंय?

प्रतिसाद, बंदरावरून:
बोर्डांना झेंडी आहे का? छोटा पर्च लागला तर बोर्ड नीट मागे खेचला जात नाही, कळतच नाही. मग तासभर आपण गळाला मेलेला पर्च लटकवून फिरतो आणि दुसरा मासा त्या आमिषाकडे फिरकत नाही. स्प्रिंगवाली झेंडी एवढ्याशा ओढीनंही झुकते. नसेल तर दर २० मिनिटांनी लाइन गुंडाळून बघा.

प्रतिसाद, खाडीकाठ:
रंगांचा विचार सध्या बाजूला ठेवा. दोन गोष्टी सांगा. ते दोन वॉलआय सरळ जाताना लागले की वळताना? आणि रीळ नवे आहेत की बोटीबरोबर आलेले? स्पूल, म्हणजे लाइन गुंडाळायची चकरी, काठापर्यंत भरलेले आहेत का?

धागाकर्ता:
दोन्ही वेळा मी डावीकडे वळत होतो! डाव्या बाजूचाच रॉड. मला वाटलं योगायोग. रीळ बोटीबरोबरच आलेत. स्पूल अर्ध्याच्या जरा वर भरलेत.

प्रतिसाद, खाडीकाठ:
मग उत्तर तुमच्याच हातात आहे. डावीकडे वळताना डावा बोर्ड आतल्या वर्तुळात येतो आणि जवळजवळ थांबतो. ओढ कमी झाली की २ औंसांचं वजन हार्नेसला खाली नेतं. म्हणजे मासा तुम्हाला दोनदा सांगून गेला: हळू चला आणि खाली या. गांडुळाच्या हार्नेसला ताशी १ ते दीड मैल पुरे. २ मैलांना ते वर उचललं जातं. क्रँकबेटला २ चालतील, पण दोन्ही एकत्र ओढू नका. एका फेरीत एकच प्रकार ठेवा.

आता स्पूल. काउंटर लाइन मोजत नाही, स्पूलचे फेरे मोजतो, आणि हिशेब भरलेल्या स्पूलचा असतो. स्पूल अर्धं असेल तर प्रत्येक फेऱ्याला लाइन कमी सुटते. काउंटर ११० म्हणतो, पाण्यात त्यापेक्षा बरीच कमी असते. घरी टेप लावून मोजाच.

शिवाय खरी १०० फूट सोडली तरी हे क्रँकबेट साधारण २० फुटांच्या आसपास चालतात. लाइन दुप्पट केली म्हणून खोली दुप्पट होत नाही. तुमचे मासे ३५ ते ४० वर. ५० फूट सोडा, लाइनवर वजनाचा चिमटा लावा, मग उरलेली सोडा. ३० ते ३३ वर आणायचं. माशाच्या खाली आमिष नेऊ नका, वॉलआय वर बघून झडप घालतो. उन्हाळ्यात तळाशी थंड पाण्यात प्राणवायू घटतो, म्हणून तो अधांतरी राहतो.

एक काळजीनं सांगतो. या सरोवराची सरासरी खोली फक्त ६२ फूट. उथळ पाण्यात वारा वाढला की लाटा उभ्या आणि एकामागोमाग येतात, १८ फुटी बोटीला दम घेऊ देत नाहीत. अंदाजात ३ फूट लाटा असतील तर त्या दिवशी पोराला घेऊन किनाऱ्यावरूनच गळ टाका.

धागाकर्ता:
मोजलं. मुलानं लाइनचं टोक धरून अंगणाच्या फाटकापर्यंत आणि पुढे रस्त्याकडेनं चालत नेलं, मी काउंटर बघत होतो. १०० दाखवत होता तेव्हा टेपवर ७१ फूट! चारही रीळ तसेच. काल रात्री बसून खाली जुनी लाइन आणि वर नवी १० पौंडी मोनो (एकपदरी नायलॉनची लाइन) भरली, काठापासून अगदी थोडी जागा सोडून. पुन्हा मोजलं, ९७.

धागाकर्ता (रविवार):
काल वारा पडला होता. चारही रॉडना फक्त हार्नेस, वेग १.२, वजनासकट ३२ फुटांचा अंदाज धरला. साडेसहाला डावा बोर्ड सरळ जात असताना मागे सरकला. २४ इंचांचा वॉलआय. रॉड पूर्णवेळ मुलाच्या हातात, जाळी माझ्या. पुढे आणखी ३ मिळाले, शीपहेड २. कालवणाला डोकी ठेवली, तुकड्या तांदळाच्या पिठात आणि रव्यात घोळवून तळल्या.

खाडीकाठ, तुमचे मनापासून आभार. आता एकच विचारायचंय: सप्टेंबरात पाणी थंड व्हायला लागलं की हार्नेस सोडून पुन्हा क्रँकबेटकडे कधी वळायचं?