नोकरीविषयी जाहीर लिहावे का? बेळगाव-खानापूर भागातील नोकरदारांसाठी एक चर्चा

उद्यमबागकर:
आमच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील एका फौंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) सुपरवायझर असलेला तरुण टोपणनावाने कामाविषयी लिहीत असे. त्यात कोणाची निंदा नव्हती. परंतु एका लेखासोबत त्याने रिजेक्ट झालेल्या कास्टिंगचे, म्हणजे ओतीव भागाचे, छायाचित्र टाकले आणि त्यावर उठवलेला पार्ट नंबर स्पष्ट दिसत होता. ज्या ग्राहकासाठी तो माल होता, त्याच्या क्वालिटी विभागापर्यंत ते छायाचित्र पोहोचले आणि नेमणूकपत्रातील गोपनीयतेच्या अटीवर बोट ठेवून त्याला घरी बसवण्यात आले. माझे मत स्पष्ट आहे: ज्याचे घर पगारावर चालते, त्याने आपल्या भागात स्वतःच्या नोकरीविषयी जाहीर लिहू नये, टोपणनावानेही नाही.

टोपणनाव इथे टिकत नाही. पॅरिसमधील एका ब्रिटिश कंपनीत सेक्रेटरी असलेल्या कॅथरीन सँडरसन यांनी ना स्वतःचे नाव दिले होते, ना कंपनीचे. तरीही ब्लॉगमुळे २००६ मध्ये त्यांची नोकरी गेली. पॅरिसमध्ये ही गत, तर उद्यमबाग ते मच्छे एवढ्याशा परिघात, तेही मराठीतून, कोणी ‘आमच्या शॉपमधील (कारखान्याच्या विभागातील) रात्रपाळी’ असे लिहिले की लिहिणारा कोण हे दोन चहा होईपर्यंत सगळ्यांना कळते.

आणखी एक धोका आपल्या सीमाभागाचाच आहे. ओव्हरटाइमच्या पैशांविषयी मराठीत लिहिलेल्या दोन ओळी कापून, भाषांतर करून फिरवल्या की तक्रार बाजूला पडते आणि मराठी-कानडी वाद उभा राहतो. मग ज्या कानडी सहकाऱ्यांचेही पैसे अडकलेले असतात, तेच सर्वांत आधी दुरावतात.

मजगावचा कामगार:
आपले म्हणणे मला मुळीच मान्य नाही. सँडरसन यांचे उदाहरण आपण अर्धेच सांगितले. २००७ मध्ये तेथील कामगार न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल देऊन कंपनीला भरपाई द्यायला लावली.

मी फेटलिंगमध्ये काम करतो. कास्टिंगला चिकटलेली वाळू ग्राइंडरने काढताना जी बारीक धूळ उडते, तिच्यात सिलिका असते आणि वर्षानुवर्षे ती फुप्फुसात गेली की सिलिकोसिस होतो. कायद्यानुसार हा अधिसूचित आजार आहे, म्हणजे डॉक्टरांच्या लक्षात आला तर त्यांनी तो कारखाना निरीक्षकांच्या कार्यालयाला कळवणे बंधनकारक आहे. हे माझ्या शॉपमधील किती जणांना माहीत आहे? खोकला आला की क्षयाची तपासणी होते आणि कामाची चौकशी कोणी करत नाही. याविषयी मराठीत कामगारानेच लिहिले नाही, तर दुसरे कोण लिहिणार? तसेच मोल्डच्या (साच्याच्या) वाळूत ओल जास्त राहिली की कास्टिंगमध्ये ब्लो होल, म्हणजे वायूमुळे पोकळ्या, पडतात, हे लिहिल्याने कोणत्या मालकाचे गुपित फुटते? पार्ट नंबर दाखवणे आणि कामाचे ज्ञान सांगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण दोन्ही एकाच दोरीने बांधता.

वकिली करणारी, बेळगाव:
कायद्याचा आधार दोन्ही बाजूंना वाटतो त्यापेक्षा तोकडा आहे. इंटरनेटवरील आक्षेपार्ह मजकुराबद्दल गुन्हा नोंदवता येणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ‘६६ अ’ हे कलम सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये रद्द केले. त्यामुळे पोलिसांची एक भीती कमी झाली, नोकरीची नाही. कर्नाटकातील शासकीय कर्मचाऱ्यांना २०२१ चे आचरण नियम लागू आहेत आणि सरकारच्या धोरणावर जाहीर टीका त्यांना निषिद्ध आहे. त्रिपुरा उच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये एका महिला कर्मचाऱ्याविरुद्धची चौकशी रद्द केली खरी, पण तो प्रश्न राजकीय सभेला हजर राहण्याचा आणि फेसबुकवरील मजकुराचा होता. कार्यालयातील कागद बाहेर आणण्याचा नव्हता. खाजगी नोकरीत आधी नेमणूकपत्र आणि स्थायी आदेश (कारखान्याचे सेवानियम) वाचावेत. भ्रष्टाचार उघड करणाऱ्यांच्या संरक्षणाचा २०१४ चा कायदा तर संसदेने संमत करूनही अमलात आलेला नाही, आणि त्यातही तक्रार सक्षम अधिकाऱ्याकडे, स्वतःचे नाव देऊनच करावी लागते. चारचौघांत लिहिलेल्या मजकुराला त्यात संरक्षण नाही.

खानापूरची शिक्षिका:
धोका फक्त लिहिणाऱ्यालाच असतो असे धरून सगळे बोलत आहेत. मी वर्गातील एका मुलाच्या घरच्या अडचणीविषयी लिहिले, तर नाव वगळले तरी वीस-पंचवीस पटाच्या गावशाळेत तो मुलगा कोण हे अख्ख्या गावाला समजेल. नोकरी माझी असली, तरी त्या मुलाची गोष्ट माझ्या मालकीची नाही. दवाखान्यात काम करणाऱ्यांनाही हे लागू आहे.

उद्यमबागकर:
शिक्षिकाबाईंचा मुद्दा माझ्या मताला बळकटीच देतो. कामगारबंधूंच्या तळमळीबद्दल मला आदर आहे. परंतु सीमा सुरक्षा दलातील जवान तेज बहादूर यादव यांनी जानेवारी २०१७ मध्ये जळलेली पोळी आणि पातळ डाळ चित्रफितीत दाखवली, सारा देश त्यांच्या बाजूने बोलला आणि तरीही एप्रिलमध्ये ते बडतर्फ झाले. लोकांची सहानुभूती गृहकर्जाचा हप्ता भरत नाही. धुळीची तक्रार करायची तर युनियनमार्फत किंवा थेट कारखाना निरीक्षकाकडे लेखी करावी आणि पोच घ्यावी.

मजगावचा कामगार:
लेखी तक्रार अवश्य करावी. मी ती जाहीर लिहिण्याच्या विरोधात उभी करत नाही. पण तक्रार एका कारखान्यापुरती असते. शेजारच्या शॉपमध्ये काल लागलेल्या पोराला ती वाचायला मिळत नाही, आणि माझ्या ठेकेदारी सोबत्यांना तर युनियनच नाही. वकीलताईंनी सांगितल्याप्रमाणे नेमणूकपत्र मी पुन्हा वाचले आहे; ग्राहक, ड्रॉइंग, उत्पादनाचे आकडे आणि छायाचित्रे यांपैकी काहीही मी बाहेर जाऊ देणार नाही. पुढचा लेख मात्र लिहून तयार आहे. त्यात कारखान्याचे नाव नाही, पण तोंडाला रुमाल बांधल्याने सिलिकाची धूळ अडत नाही, कोणता मास्क मालकाकडे मागावा आणि डॉक्टरांकडे गेल्यावर आपण फेटलिंगमध्ये किती वर्षे काम केले हे आधी का सांगावे, एवढे सविस्तर आहे. त्याचे कानडी भाषांतरही माझा सोबतीच करत आहे, म्हणजे दोन ओळी कापून फिरवणाऱ्याच्या आधी पूर्ण मजकूर लोकांच्या हाती पडेल.