दापोलीत नको, खाली किनाऱ्यावर राहा
निवृत्तीनंतर हिवाळ्यात दोघांनी दापोलीला राहावं का, असं विचारलंत. जरूर, पण गावात नको. दापोली उंचावर आहे, पहाटे चांगलाच गारठा असतो. आमची पहिल्या वर्षी तीच फसगत झाली! पुण्यात पारा १० च्या खाली गेला की ह्यांचे गुडघे कुरकुरतात, म्हणून आता आम्ही ताम्हिणी, माणगाव, मंडणगड करत थेट आंजर्ल्याला जातो. समुद्रामुळे रात्रीही स्वेटर लागत नाही. नाताळच्या सुट्टीत लेक-जावई, नातवंडं येतात. मग संध्याकाळी हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव. बघायला म्हणून जातो आणि पिशवी भरून येतो. पाचव्या दिवशी मंडळी परतली की घर शांत होतं, तेही बरं वाटतं (लेकीला सांगू नका). रक्तदाबाच्या गोळ्या मात्र पुण्याहूनच न्या.