'द वुल्फमॅन' (२०१०): कोणती आवृत्ती पाहावी?

धागाकर्ता
जो जॉन्स्टनचा लांडगामाणसावरचा भयपट 'द वुल्फमॅन' शनिवारी रात्री घरी लावायचा विचार आहे. १८९१ सालचं इंग्लंड, धुकं, पडझडीला आलेली हवेली हे सगळं आवडीचं. पण मतं वाचून गोंधळ झालाय. कुणी म्हणतं रटाळ, कुणी म्हणतं घाईघाईत उरकलेला. एकाच चित्रपटाला दोन्ही कसं लागू पडेल? शिवाय १०३ आणि ११९ मिनिटं अशा दोन आवृत्त्या दिसतात. कोणती घ्यावी? शेवट फोडू नका, ही विनंती.

रातवा
दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत, कारण लोकांनी वेगवेगळ्या आवृत्त्या पाहिल्यात. तुम्ही ११९ मिनिटांचीच घ्या.

वाढीव भाग बहुतेक पूर्वार्धात आहे. थिएटरमध्ये आलेल्या आवृत्तीत ग्वेनचं, म्हणजे नायकाच्या भावाच्या वाग्दत्त वधूचं, पत्र येतं आणि नायक लॉरेन्स लगेच घरी हजर. लांब आवृत्तीत ती त्याला लंडनच्या नाट्यगृहात जाऊन भेटते. तो तेव्हा हॅम्लेटचं काम करत असतो, आणि बाप-लेकाच्या या गोष्टीत ते नाटक उगाच निवडलेलं नाही. पुढे आगगाडीत मॅक्स फॉन सिडो त्याला लांडग्याच्या मुठीची काठी देतो. छोट्या आवृत्तीत हा नट दिसतच नाही. एवढं पाहिलं की लॉरेन्स माणूस म्हणून कळतो आणि पुढचा शाप मनाला लागतो. मात्र पहिलं रूपांतर उशिरा येतं, तेवढा धीर हवा.

जुनी_रीळ
असहमत. सोळा मिनिटं वाढवून मूळ दुखणं जात नाही. आधीचा दिग्दर्शक मार्क रोमानेक चित्रीकरण तोंडावर आलेलं असताना बाहेर पडला आणि जॉन्स्टनला आयती तयारी हाती घ्यावी लागली. डॅनी एल्फमनचं संगीत काढलं, पॉल हॅसलिंगरचं करून घेतलं, पुन्हा एल्फमनचंच आणलं. कापाकापी बदलत राहिली की आधी बांधलेलं संगीत प्रसंगावर नीट बसत नाही. भीती साठायच्या आत मोठ्या आवाजाचा दचका येतो तो त्यामुळेच, असं माझं मत. आणि हे दचके दोन्ही आवृत्त्यांत आहेत.

पडद्यामागे
रंगभूषेबद्दल कुणीच बोललं नाही! रिक बेकर आणि डेव्ह एल्सी यांना याच कामासाठी २०११ मध्ये ऑस्कर मिळालं. पाहताना एक फरक ध्यानात ठेवा. पूर्ण झालेला लांडगामाणूस म्हणजे लॉरेन्स झालेल्या बेनिसियो देल तोरोच्या चेहऱ्यावरची खरी रंगभूषा. माणसाचा लांडगा होतानाचा बदल मात्र संगणकावरचा.

मतभेदाचं हे मोठं कारण आहे. १९८१ च्या 'अ‍ॅन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन'मध्ये बेकरने हाच बदल रबराच्या कातडीने आणि यांत्रिक मुखवट्यांनी कॅमेऱ्यासमोर करून दाखवला होता. तिथे कातडी खरोखर ताणली जाते. इथे वेड्यांच्या इस्पितळात खुर्चीला बांधलेल्या लॉरेन्सचा प्रसंग जमलाय, कारण आजूबाजूला खरी माणसं, खरी खोली आहे. लंडनच्या छपरांवरच्या उड्यांमध्ये मात्र शरीराला वजनच वाटत नाही. शेवटच्या झटापटीतही तेच खटकतं.

धागाकर्ता
हे उपयोगी आहे. हातात नेमकी कोणती आवृत्ती आलीय हे कसं ओळखायचं? आणि टीव्हीवर काही बदल करावे लागतील का?

रातवा
कालावधी पाहा. पाल (भारत-युरोपातली टीव्ही पद्धत) पद्धतीची डीव्हीडी असेल तर सेकंदाला २४ चौकटींचा चित्रपट २५ ने चालतो, म्हणून ११९ ची सुमारे ११४ आणि १०३ ची सुमारे ९९ मिनिटं दिसतील. त्याला कापलेली प्रत समजू नका. तरी शंका असेल तर सुरुवातीची दहा मिनिटं चालवा. पत्र आलं तर छोटी, नाट्यगृहातली भेट आली तर लांब.

टीव्हीवर 'सिनेमा' मोड लावा, 'व्हिव्हिड' नको. हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा, नाहीतर केसाळ चेहरा मालिकेतल्या मुखवट्यासारखा दिसतो. खोलीत पूर्ण अंधार हवा. चित्रपटाचा बराच भाग रात्री आणि धुक्यात घडतो. दिवा चालू ठेवलात तर काळ्यातले बारकावे जातील, आणि मग ब्राइटनेस वाढवलात की धुकं राखाडी पडद्यासारखं दिसेल. लॉरेन्सच्या घराची टॅलबट हवेली म्हणून डर्बीशायरमधलं चॅट्सवर्थ हाऊस वापरलंय. आतली धूळ, पडलेली पानं, मेणबत्त्यांचा उजेड यासाठीच तर हा चित्रपट पाहायचा.

जुनी_रीळ
यावर एकमत. वातावरण अव्वल आहे.

आधी १९४१ चा 'द वुल्फ मॅन' जरूर पाहा, जेमतेम ७० मिनिटांचा आहे. त्यात लॉन चेनी (धाकटा) लांडगा होताना आधी फक्त पाय दिसतात. जॅक पियर्सने याकचे केस चिकटवून केलेली रंगभूषा आजही शोभते. संथ चालणार असेल तर हॅमर कंपनीचा १९६१ चा 'द कर्स ऑफ द वेअरवुल्फ' घ्या, काळ अठराव्या शतकातल्या स्पेनचा. पण ऑलिव्हर रीडचा लांडगा पूर्ण रूपात पार शेवटाकडे दिसतो, हे आधीच सांगून ठेवतो.

धागाकर्ता
मग शुक्रवारी १९४१ चा आणि शनिवारी ११९ मिनिटांची आवृत्ती. पाहून झाल्यावर छपरांच्या प्रसंगाबद्दल इथेच लिहितो.