‘ॲक्टिव्ह’ला काय म्हणायचं? सक्रिय, खाडा, पैरा

वडगाव, बेळगावहून

आमच्या ऑनलाइन भूमिका-खेळाचे नियम मराठीत लिहालोय आणि एका शब्दावर गाडी अडलीय. आधी खेळ सांगतो, नाहीतर नुसता कोश उघडून उत्तरं द्याल.

हा गोळ्या झाडायचा खेळ नव्हे. प्रत्येकाचं एक पात्र, पात्रांचे गट. कुणी व्यापाऱ्यांचा तांडा, कुणी किल्ल्यावरची शिबंदी, कुणी दरोडेखोर. सगळं लिहून चालतं. माझा शिलेदार वेशीशी आला असं मी लिहायचं; त्याला अडवायचं की आत सोडायचं ते पहारेकऱ्यानं लिहायचं. त्यानं लिहिलंच नाही तर शिलेदार महिनाभर वेशीबाहेर उभा. म्हणून असल्या खेळांत बहुतेक ठिकाणी गटांना नियम असतो: गटात कमीत कमी इतके खेळाडू, प्रत्येकानं ठरल्या मुदतीत कमीत कमी इतकं लिहायचं, नाही जमलं तर सूचना, मग थोडी सवलत, मग गट बंद. या सगळ्याला इंग्रजीत एकच शब्द, ‘ॲक्टिव्हिटी’.

मी लिहिलं, ‘प्रत्येक गट सक्रिय असला पाहिजे.’ त्यावरून गेल्या महिन्यात भांडण झालं. पहारेकरी झालेला पोरगा रोज रात्री हजर. नावापुढं हिरवा ठिपका, गप्पांत विनोद, सगळ्यांना शुभरात्री. कथेत मात्र एक ओळ नाही. शिबंदीला सूचना दिली तर म्हणतो, “मी रोज ॲक्टिव्ह आहे की! आणि काय पायजे तुम्हाला?”

आता सांगा, त्याचं चुकलं कुठं? मी लिहिलेल्या शब्दाप्रमाणं तो बरोबरच होता.

खानापूरहून

पोरगा बरोबर आहे. ‘सक्रिय’ म्हणजे क्रियेसह असलेला. कुठली क्रिया, हे त्या शब्दात नाही. विनोद करणं हीसुद्धा क्रियाच. ‘क्रियाशील’ त्यापेक्षा बरा. शील म्हणजे स्वभाव, सवय. सहनशील, प्रयोगशील म्हणतो तसं. एकदा केलं आणि सुटला असं त्यात चालत नाही.

शिवाय हा शब्द नियमात आधीच रुळलेला आहे. महाराष्ट्राच्या सहकार कायद्यात २०१३ च्या दुरुस्तीनं ‘क्रियाशील सभासद’ आला. पाच वर्षांत निदान एका सर्वसाधारण सभेला हजेरी आणि संस्थेच्या सेवांचा ठरलेला किमान वापर, अशा दोन्ही गोष्टी त्या दुरुस्तीनं मागितल्या होत्या. कायदा करणाऱ्यांना तुमच्या पहारेकऱ्यासारखे लोक माहीत होते. सभेला येतात, चहा पितात, आणि संस्थेशी व्यवहार शून्य.

बेळगावहून, सध्या पुण्यात

सर, शब्द चोख आहे, पण ‘क्रियाशील सभासद’ म्हटलं की मला गडहिंग्लजच्या मामांच्या पतसंस्थेची नोटीस दिसते. खेळायला आलेलं पोर ते वाचून पळून जाईल.

बाकी या गोंधळात आपल्या बोलीचाही हात आहे. मी पुण्यातल्या एका गड्याला मेसेज टाकला, ‘खेळालास काय?’ मला विचारायचं होतं, आत्ता खेळतोयस का. त्याला वाटलं माझ्या हातून एक काना जास्त पडलाय. त्यानं ‘खेळलास काय’ असं वाचलं आणि उत्तर दिलं, ‘हो, परवा.’ बेळगावचा वर्तमानकाळ आणि पुण्याचा भूतकाळ यांत एका कान्याचं अंतर! तुमच्या नियमाचा प्रश्न तोच आहे की. तो खेळालाय, का कधीतरी खेळला होता?

शहापूरहून

सोपं उदाहरण देतो. आपल्याकडं शिवजयंती तिथीनं, वैशाख शुद्ध द्वितीयेला, आणि नंतर रात्रभर चित्ररथांची मिरवणूक. सजीव देखाव्यात मावळा झालेला पोरगा ट्रॉलीवर मोबाईल बघत बसला तर तो हजर आहे. पगडी आहे, भाला आहे. पण मावळा नाही. मंडळाचा माणूस खालून ओरडतो, “उभा ऱ्हा की रं!” तो काही ‘सक्रिय हो’ म्हणत नाही.

उद्यमबागेतून

आमच्या फौंड्रीत याला एक शब्द आहे, तुम्ही विसरलात. खाडा. “या महिन्यात तीन खाडे पडले” म्हटलं की वर काही सांगावं लागत नाही. रजा म्हणजे सांगून घेतलेली, खाडा म्हणजे न सांगता पडलेला. तुमच्या नियमात हाच फरक हवाय ना? परीक्षेसाठी महिनाभर येणार नाही असं आधी सांगितलं तर रजा. गुपचूप गायब झाला तर खाडा. ‘सलग दोन खाडे, की गटाला सूचना.’ लिहून टाका, एका ओळीत संपतंय.

खानापूरहून

उत्तम. ‘रजा’चं मूळही इथं कामाचं आहे. अरबीत त्याचा अर्थ सुट्टी नव्हे, संमती. ‘राजी’ त्याच कुळातला. म्हणजे समोरचा राजी असेल तर ती रजा. सांगितलं नाही तर संमती कुठली?

वडगाव, बेळगावहून

खाडा घेतलाच. मनापासून आभार. पण पेच अर्धाच सुटला. खाडा दिवस मोजतो, आणि पहारेकरी एकही दिवस चुकलेला नाही. मला मोजायचंय ते वेगळंच. ‘पाळी’ म्हणू काय? ‘आपली पाळी चुकवू नये’?

टिळकवाडीतून

दादा, गटात आम्ही मुलीही आहोत. ‘पाळी चुकली तर सूचना देण्यात येईल’ हे वाक्य कृपा करून कुठंही लिहू नका.

‘चटुवटिके’ही सुचवणार होते. कन्नड पुस्तकात प्रत्येक धड्याखाली असतं, त्यामुळं इथल्या पोरांना लगेच कळतं. पण त्यातून ‘उपक्रम’ कळतो, म्हणजे चिकटवहीत पानं चिकटवा वगैरे. तुमचं काम होणार नाही.

निपाणीहून

मघापासून वाचतोय. तुम्ही सगळे हजेरीचे शब्द शोधालाय, आणि प्रश्न हजेरीचा नाहीच. शिलेदार वेशीबाहेर उभा राहिला तो पहारेकरी गैरहजर म्हणून नव्हे. यानं आपली ओळ टाकली, त्यानं परत टाकली नाही, म्हणून. याला आमच्याकडं शेतात पैरा म्हणतात.

शहरातल्यांसाठी सांगतो. भांगलण, म्हणजे तण काढणं आलं, सुगी आली, की एकट्या घरानं काम उरकत नाही. मग तुमच्या घरातली दोन माणसं दोन दिवस माझ्या रानात, आणि माझ्या घरातली दोन माणसं दोन दिवस तुमच्या रानात. पैसे नाहीत. दिवसाला दिवस. तो फेडायचा असतो, म्हणून ‘पैरा फेडला’. माझी आजी बोटांवर हिशेब ठेवायची: खालच्या आळीला दोन द्यायचे, वरच्या घराकडनं एक यायचा. वही नाही, काही नाही. आणि एखाद्यानं पैरा ठेवून घेतला, फेडलाच नाही, तर त्याला कुणी बोलायला जात नाही. पुढच्या सुगीला त्याच्या बांधावर कुणी उभं राहत नाही, एवढंच. तुमचा पहारेकरी रोज बांधावर येऊन तंबाखू मळून जातोय. खुरपं हातात धरलेलं नाही.

बेळगावहून, सध्या पुण्यात

हे वाचून खुर्चीतून उठलो. पण पुण्याच्या पोरांना ‘पैरा’ कळेल?

निपाणीहून

खेळातल्या गटाला ‘गिल्ड’ म्हणतात हे कळलं तेव्हा कोश बघितला होता काय त्यांनी? खेळता खेळता कळलं. हेही कळेल.

शहापूरहून

आणि गट बंद करण्याला काय? ‘बरखास्त’ का ‘विसर्जित’?

खानापूरहून

दोन्ही ठेवा, वेगवेगळ्या कामांना. बरखास्त फारसीतून आलाय. मुळात ‘उठला’ एवढाच अर्थ. दरबार उठला, संपला. विसर्जनात मात्र आपल्याला परत येणं ऐकू येतं. गणपतीला निरोप देताना आपण काय ओरडतो ते आठवा. जो गट खेळाडू जमले की पुन्हा उभा राहू शकतो, तो विसर्जित. नियम मोडून काढून टाकलेला, तो बरखास्त.

‘निष्क्रिय’ मात्र नको. ती नोंद वाटत नाही, शिवी वाटते. आणि ‘चालू गट’ लिहिलंत तर मला काही म्हणायचं नाही.

वडगाव, बेळगावहून

झालं, मसुदा टाकतो:

‘गटात किमान चार खेळाडू असावेत. आपल्या पात्रासाठी कुणी लिहिलं, तर सात दिवसांत पैरा फेडावा. अडचण असेल तर आधी सांगून रजा घ्यावी. न सांगता सात दिवस गेले तर एक खाडा. ज्या गटात सलग दोन खाडे पडून पैरा थकला, त्या गटाला सूचना मिळेल. पुढच्या पंधरा दिवसांतही कुणी लिहिलं नाही, तर गट विसर्जित होईल.’

नुसतं ऑनलाइन दिसणं यात कुठंच मोजलेलं नाही, बघा.

खानापूरहून

एक दुरुस्ती. ‘पैरा थकला’ नको, ‘पैरा थकवला’ करा. थकला म्हटलं की आपोआप थकला, कुणाचाच दोष नाही. थकवला म्हटलं की थकवणारा कुणीतरी आला. नियमाच्या भाषेत कर्ता दिसायला हवा.

वडगाव, बेळगावहून

सर, व्याकरण तुमचं बरोबर. पण ‘थकला’च ठेवतो. पहारेकरी पोरगं सेकंड पीयूसीला, म्हणजे बारावीला आहे.