नेडुमुडी वेणू : चाळिशीच्या आत असला म्हातारा कसा काय जमला?

रातकिडा :
मल्याळम अभिनेते नेडुमुडी वेणू ११ ऑक्टोबर २०२१ ला गेले, वय ७३, तेव्हापासून त्यांचे जुने सिनेमे मिळतील तसे सबटायटल लावून बघतोय. आत्ता १९८७ चा 'ओरु मिन्नामिनुंगिंटे नुरुंगुवेट्टम' बघितला. मूलबाळ नसलेलं निवृत्त शिक्षक जोडपं, बायको शारदा आणि नवरा हे. त्यांचा जन्म १९४८ चा, म्हणजे तेव्हा चाळिशीही गाठलेली नव्हती हो! केस पांढरे करणं कुणालाही जमेल पण बायकोवर खोटं खोटं चिडणं, मध्येच थांबून विषय बदलणं, हे म्हातारपण कुठून आणलं या माणसाने? जाणकारांनी सांगावं, आणि पुढे काय बघू तेही.

तिसरी घंटा :
उत्तर नाटकात आहे असं माझं मत. केरळातल्या आलप्पुळाच्या कॉलेजात असताना पुढे दिग्दर्शक झालेले फाझिल त्यांचे दोस्त, तिथून नाटककार कावालम नारायण पणिक्करांच्या नाटक मंडळीत गेले. पणिक्करांचं नाटक म्हणजे लोकगीतं, ताल, अंगाची लय, नुसतं संवाद पाठ करून उभं राहणं तिथे चालतच नाही. 'अवनवन कडंबा' हे त्यांचं नाटक सिनेमा दिग्दर्शक जी. अरविंदन यांनी बसवलं आणि मग त्यांनीच 'थंबु' मध्ये (१९७८) वेणूंना सिनेमात आणलं. वेणू स्वतः मृदंग वाजवायचे. माझं तर ठाम म्हणणं आहे की ते वाक्य सुद्धा तालात बोलायचे, कुठे रेटायचं कुठे सोडायचं हे त्यांच्या कानाला कळायचं. तुम्ही म्हणताय ते मध्येच थांबणं तिथूनच आलंय.

कोपऱ्यातली सीट :
घंटा यांच्याशी सहमत. पण म्हाताऱ्यांवरच थांबू नका प्लीज, 'तकरा' (१९७९) बघा, दिग्दर्शक भरतनचा, लेखन पद्मराजन. त्यातला चेल्लप्पन आशारी हा सुतार इतका वखवखलेला आहे की हाच माणूस पुढे प्रेमळ मास्तर झाला यावर विश्वास बसत नाही. मग 'भरतम' (१९९१) बघा. नॅशनल अवॉर्ड मोहनलालला मिळालं आणि योग्यच मिळालं, पण दारूपायी गाण्याचा गळा आणि मानसन्मान दोन्ही घालवलेला गायक मोठा भाऊ वेणूंनी केलाय, धाकटा आपली जागा घेतोय हे कळल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर अभिमान आणि मत्सर एकदमच दिसतात, वेगळे काढताच येत नाहीत. मला तो सिनेमा त्यांचाच वाटतो.

रातकिडा :
वा, मंडळी धन्यवाद. 'मणिचित्रताळ' बघितलाय, त्यातला तापट तंपी म्हणजे हेच ना? आपल्याकडे 'भूलभुलैया'त मनोज जोशींनी केला तो रोल?

तिसरी घंटा :
हो, तेच. अवॉर्डचं म्हणाल तर त्यांना सहाय्यक अभिनेत्याचं नॅशनल 'हिज हायनेस अब्दुल्ला' साठी मिळालं, १९९० चा सिनेमा. राजवाड्यातला वृद्ध तंपुरान म्हणजे राजघराण्यातला मालक, नातेवाईक त्याच्या जिवावर उठलेत, आणि याचा जीव गाण्यात. समोर मोहनलाल गात असतो तेव्हा ऐकणाऱ्या वेणूंकडे बघा. ऐकण्याचा इतका मोठा अभिनय मी दुसऱ्या कुणाचा बघितलेला नाही. पाचशेच्या वर सिनेमे केलेत त्यांनी, सगळे चांगले नाहीत, पण त्यांचा सीन आला की मी पुढे ढकलत नाही. 'भरतम' च्या आधी हा बघा, दोन्ही दिग्दर्शक सिबी मलयिल आणि लेखक लोहितदास यांचेच आहेत.