शब्दचर्चा : ‘शिकेल’ कोणाला म्हणायचं?

गिरणाकाठ :
मागच्या रविवारी चाळीसगावजवळ मामेबहिणीच्या स्थळाची बोलणी होती. मुलाकडचे एक आबा म्हणाले, “पोऱ्या शिकेल नही, पन आयटीआय करेल शे.” कोणी हसलं नाही, कोणाला खटकलंही नाही. मलाच परतताना एसटीत खटकलं. मुलगा दहावी पास, त्यावर दोन वर्षं इलेक्ट्रिशियनचा ट्रेड, त्यावर एक वर्ष अप्रेंटिस. तरी ‘शिकेल नही’! त्याच घरातला धाकटा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षात दोनदा आपटलेला, त्याची ओळख मात्र ‘धाकला शिकेल शे’.

(अहिराणी न कळणाऱ्यांसाठी : ‘शिकेल’ म्हणजे शिकलेला, ‘करेल’ म्हणजे केलेला, ‘शे’ म्हणजे आहे.)

तर ‘शिकलेला’ या शब्दाची हद्द कुठे संपते? आणि ‘प्रशिक्षण’ या शब्दात ‘शिक्षणा’पेक्षा एक ‘प्र’ जास्त आहे, मग मान कमी का?

साक्रीचा मास्तर :
तुमच्या प्रश्नाआधी या ‘-एल’बद्दल एक कबुली देतो. नवा नवा मास्तर होतो, पोस्टिंग साक्री तालुक्यात. एका पोराला विचारलं, अभ्यास केलास का? तो म्हणाला, “करेल शे गुर्जी.” मी देशावरचा. मला ऐकू आलं ‘करेल’, म्हणजे पुढे कधीतरी करणार. वर ‘मी करीन’ म्हणायचं असतं हे व्याकरणही शिकवलं, आणि त्याला उभं केलं. पोरानं वही उघडून समोर धरली. अभ्यास झालेला होता. आठवडाभरात असं तीनदा झालं, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्याच्या भाषेत झालेलं काम माझ्या भाषेत व्हायचंच राहिलेलं असे. शिकेल-शिकलेलाच्या भानगडीत मला अजून तोच पोरगा दिसतो.

तापीतीर :
मास्तर, याला समाजशास्त्रात नाव आहे. पाठ्यपुस्तकात नसलेलं, पण शाळा रोज शिकवत असते ते सगळं म्हणजे ‘छुपा अभ्यासक्रम’. रांगेत उभं राहणं, वाट बघणं, आणि आपली घरची बोली चुकीची आहे हे कळून घेणं. फिलिप जॅक्सन या अमेरिकन अभ्यासकानं १९६८ साली हा शब्द रूढ केला. फ्रान्सचा पिएर बोर्दिए त्यापुढे जाऊन ‘सांस्कृतिक भांडवल’ म्हणतो. ज्याच्या घरी शाळेचीच भाषा बोलतात, त्याला शाळेत जाण्याआधीच अर्धे मार्क मिळालेले असतात, आणि शाळा त्यालाच हुशारी म्हणते.

गिरणाकाठ :
भांडवल म्हटलं की आम्हाला जिनिंगवाले शेठ आठवतात. पण कळलं.

शब्दकोडे :
जरा व्युत्पत्तीकडे या. संस्कृत ‘शिक्ष्’ हा धातू ‘शक्’ या धातूचं इच्छादर्शक रूप आहे. शक् म्हणजे जमणं, शक्य होणं. म्हणजे शिक्ष् म्हणजे ‘जमावं अशी इच्छा करणं’. प्राकृतात त्याचं ‘सिक्ख’ झालं, त्यातून आपलं ‘शिकणं’. मुळात या शब्दात पदवी कुठेच नाही, हातात काहीतरी येणं आहे. त्या हिशोबानं तुमचा इलेक्ट्रिशियनच खरा शिक्षित.

मराठीनं या कुटुंबाची वाटणीही मजेशीर केली. हिंदीत ‘शिक्षा’ घेऊन माणूस मोठा होतो, आपल्याकडे शिक्षा झाली तर उठाबशा काढतो. ‘तालीम’ अरबीतून आली, ‘इल्म’च्याच घराण्यातली, अर्थ शिकवणं. मराठीत येऊन ती आखाड्यात आणि नाटकाच्या रंगमंचावर थांबली. १९३७ साली वर्ध्याहून गांधीजींची ‘नयी तालीम’ निघाली, त्यात सूत कातणं, सुतारकाम अशा हस्तोद्योगातून सगळे विषय शिकवायचे होते. आपल्याकडच्या एखाद्या पैलवानाला नवा आखाडा निघतोय असं वाटलं असेल तर त्याचा दोष नाही.

‘प्रशिक्षण’ हा त्यामानानं कालचा, सरकारी कागदावर वाढलेला शब्द. ‘तिथं मी शिकलो’ असं आपण म्हणतो. प्रशिक्षण मात्र ‘दिलं जातं’, त्यासाठी माणसाला ‘पाठवलं जातं’. कर्ता दुसराच असतो. मान तिथे गळतो, उपसर्गाचा काही गुन्हा नाही.

लोको शेड :
भुसावळहून. प्रशिक्षणाला मान नाही हे आमच्या गावात येऊन बोलून दाखवा! इथे रेल्वेची मोठी क्षेत्रीय प्रशिक्षण संस्था आहे. “पोरगा ट्रेनिंगला आहे” एवढं म्हटलं की स्थळं दारात. कारण ते ट्रेनिंग ‘लागल्यानंतरचं’ असतं. आयटीआयचं ट्रेनिंग लागण्याआधीचं. तुम्ही सगळे ‘शिकेल’वर अडकलात, खरा शब्द ‘लागेल’ आहे. “नोकरीले लागेल शे का?” हा पहिला प्रश्न, शिक्षण नंतर.

आणि लागण्याआधीच्या माणसाला कायद्यानंच काय नाव दिलंय बघा : ‘शिकाऊ उमेदवार’. अप्रेंटिसचा कायदा १९६१चा आहे. मी स्वतः वर्षभर शिकाऊ होतो. टिकाऊ म्हटलं की माल चांगला, विकाऊ म्हटलं की माणूस वाईट, शिकाऊ त्या दोघांच्या मधे कुठेतरी.

शब्दकोडे :
भाऊ, ‘उमेदवार’ तर त्याहून बोलका आहे. फारसी ‘उमेद’ म्हणजे आशा. उमेदवार म्हणजे आशेवर बसलेला. पूर्वी कचेरीत जागा रिकामी होईल या आशेवर लोक फुकट राबायचे, त्याला ‘उमेदवारी करणं’ म्हणत. पुढे निवडणुका आल्या आणि तेही आशेवरच असल्यामुळे शब्द त्यांना बरोबर बसला.

साक्रीचा मास्तर :
शाळाखात्यात मात्र उलटं होतं. पूर्वी व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवी पास झालेला माणूस मास्तर व्हायचा, मग ट्रेनिंग कॉलेजला जायचा. तिथून आला की ‘ट्रेन्ड’. बी.ए. झालेला पण अनट्रेन्ड माणूस स्टाफरूममध्ये जरा अंग चोरूनच बसे. म्हणजे लोको शेड म्हणतात तेच, प्रशिक्षण कशासाठी आणि कोणाचं यावर सगळं. २००० सालापासून नवे शिक्षक ‘शिक्षण सेवक’ म्हणून तीन वर्षं घ्यायला लागले. त्यांना पगार नाही, ‘मानधन’. ज्या शब्दात मान आधी येतो त्यात धन नेमकं कमी असतं, हे मी मास्तर म्हणून सांगतो.

रावेरची लेक :
कोणी बायकांचं बोललंच नाही, म्हणून लिहिते. आमची केळी आहे. कांदेबाग आणि मृगबाग या लागवडीच्या दोन हंगामांतला फरक, कोणत्या झाडाचं कोणतं पिल (बुंध्याशी फुटणारा कोंब) ठेवायचं, कोणतं काढायचं, घड कधी कापायला आलाय, हे आई लांबून बघून सांगते. तिला कोणी ‘शिकेल’ म्हणत नाही. म्हणतात, “तिला येतं.” नीट बघा हं. शिकणाऱ्यानं शिकायचं असतं, तो कर्ता. पण पोहता ‘येतं’, पोळ्या ‘येतात’, बाग ‘येते’. जणू पावसासारखं आपोआप आलं! यात कोणी शिकवलं हे नाही, किती वर्षं लागली हे नाही. माझ्या आजीनं आईला पंधरा वर्षं हाताखाली वागवलं, आणि त्या पंधरा वर्षांना मराठीत शब्द काय, तर ‘वळण’. तेच मी कृषी पदविकेत दोन वर्षांत वाचलं तर त्याला ‘शिक्षण’.

गंमत म्हणजे मागे गावात एक प्रशिक्षण शिबिर झालं. आईला फोटोसाठी पुढे बसवलं, प्रमाणपत्र दिलं. पाहुण्यांनी पिलाबद्दल सांगितलेलं एक वाक्य चूक होतं. आईनं घरी आल्यावर सांगितलं, तिथे नाही.

तापीतीर :
ताई, तिथे का नाही सांगितलं, हाच छुपा अभ्यासक्रम.

तुमच्या मुद्द्याला जोडून एक. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे, म्हणजे इंग्रज सरकारच्या शिक्षण आयोगापुढे, निवेदन दिलं, त्यात प्राथमिक शाळेचा शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातला असावा आणि वेळ पडल्यास नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस (लाकूड तासायचं हत्यार) धरायला त्याला लाज वाटू नये, असं म्हटलंय. म्हणजे शिकेल आणि येणारा, दोन्ही एकाच माणसात. मास्तरांनी रागावू नये.

साक्रीचा मास्तर :
रागावतो कशाला? मला नांगर येत नाही. ‘येत’ नाही, बघा.

लोको शेड :
आणि आपल्या जळगावच्या विद्यापीठाचं काय? १९९०ला निघालं तेव्हा ‘उत्तर महाराष्ट्र’, २०१८ला पुढे बहिणाबाई चौधरींचं नाव लागलं. आसोद्याच्या लेकीला लिहिता-वाचता येत नव्हतं, ओव्या दुसऱ्यांनी उतरवून घेतल्या. आता तिच्या नावाचा शिक्का डिग्रीवर नसेल तर माणूस शिकेल नाही! ‘अडाणी’ शब्दाचा अर्थ कोशात बदलायला पाहिजे.

रावेरची लेक :
कोशात बदलून काय होणार भाऊ? आमच्याकडे अंगठा उठवणाऱ्या बाईला अजून कोणी आधी खुर्ची देत नाही.

गिरणाकाठ :
एवढं सगळं वाचून काल सरळ आबांनाच फोन लावला. म्हटलं, आबा, तुमच्या मते शिकेल कोण? ते जराही न थांबता म्हणाले, “ज्याले वावरमा जा म्हनता येत नही, तो शिकेल.” म्हणजे धाकटा शिकेल. थोरल्याला अजून सांगता येतं. परवाच विहिरीवरच्या मोटारीचं स्टार्टर जळालं, तर ड्युटीवरून आल्या आल्या त्यालाच पाठवलं.

तापीतीर :
म्हणजे शिक्षण हे काय येतं यावर नाही, कशातून सुटका झाली यावर मोजायचं. आबांना विद्यापीठात घ्या.

साक्रीचा मास्तर :
ते सगळं राहू द्या. स्थळाचं काय झालं?

गिरणाकाठ :
पत्रिका जुळायची आहे. मुलाकडून बायोडाटा आलाय. त्यात ‘शिक्षण’ या रकान्यात लिहिलंय : आयटीआय (इलेक्ट्रिशियन). अक्षर धाकट्याचं आहे.