मदत हवी आहे: ओहोटीला काढलेले किडे सकाळपर्यंत मरतात

नमस्कार मंडळी,

गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, लागणारं आमिष मी हल्ली ओहोटीला स्वतःच गोळा करतो. किनारा बराचसा वाळूचा, टोकाला खडक. वाळूत गांडुळासारखे जाड किडे सापडतात, खडकांत लहान खेकडे आणि शिंपले.

अडचण किड्यांची आहे. बादलीत समुद्राचंच पाणी घेऊन त्यात ठेवतो. रात्री बरे दिसतात, सकाळी निम्मे लुळे पडलेले आणि वास असा की घरचे बादलीसकट मला बाहेर काढतात. पाणी त्यांच्याच जागेचं आहे, मग मरतात कशाने? शिवाय किड्याने बाहेर टाकलेल्या वाळूच्या वेटोळ्याखाली सरळ फावडं मारलं की किडा एकतर मिळत नाही, नाहीतर तुटून मिळतो.

आणखी एक. भरती-ओहोटीच्या तक्त्यात ओहोटी चांगली खोल दाखवतात, पण कधीकधी पाणी तेवढं हटतच नाही. असं का होतं? उरलेले शिंपले शिजवून खाल्ले तर चालतील का, हेही कुणी सांगा.

प्रतिसाद १

बादलीतलं पाणीच त्यांना मारतंय. साचलेलं पाणी तापतं, आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. त्यात एक जरी तुटलेला किडा असला तरी त्याच्या अंगातून निघालेल्या द्रवाने बाकीचे सकाळपर्यंत जातात. तुटलेले तिथल्या तिथे वेगळ्या डब्यात टाका आणि त्याच दिवशी गळाला लावा. धड किडे समुद्राच्या पाण्याने ओलसर केलेल्या वर्तमानपत्रात, एकमेकांना न चिकटता, पसरून गुंडाळा आणि गार जागी ठेवा. कागद ओला हवा, ठिबकता नको. नळाचं पाणी चुकूनही लावू नका, गोड्या पाण्याने ते फुगून मरतात.

खणण्याबद्दल: त्याचं बीळ इंग्रजी 'यू' अक्षरासारखं वळलेलं असतं. वेटोळं शेपटीकडच्या तोंडाशी, आणि थोड्या अंतरावर जो खळगा दिसतो तो डोक्याकडचा. किडा मधल्या आडव्या भागात असतो. म्हणून दोन्हींच्या मधोमध, थोडं बाजूने खणत आत या. फावड्याऐवजी जाड दात्यांचं अवजार घ्या, तुटण्याचं प्रमाण लगेच कमी होईल. झाल्यावर खड्डा बुजवा. उघडा खड्डा पाण्याखाली गेला की पुढच्या माणसाचा पाय त्यात जातो.

प्रतिसाद २

तक्ता चुकत नाही, तो फक्त चंद्र-सूर्याचा हिशेब सांगतो. हवेचा दाब १ हेक्टोपास्कलने उतरला की समुद्राची पातळी साधारण १ सेंटिमीटर चढते. त्यात वारा समुद्राकडून जमिनीकडे असेल तर पाणी किनाऱ्याशी दाबून राहतं. ढगाळ, वाऱ्याच्या दिवशी जास्त आशा धरू नका.

दिवस निवडायचा तर अमावास्या-पौर्णिमेनंतरचे एक-दोन दिवस. या दिवसांत, म्हणजे उधाणाला, भरती जशी चढते तशी ओहोटीही खोल जाते, एरवी पाण्याखाली असलेली वाळू उघडी पडते. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास पाणी कमी चढतं-उतरतं तेव्हा, काही हाती लागत नाही, त्यापेक्षा झोपा. ओहोटीच्या वेळेआधी दीड-दोन तास उतरायचं, हटणाऱ्या पाण्यामागे जायचं आणि पाणी फिरलं की परत निघायचं. भरतीचा पहिला तास आळशी असतो, त्यामुळे माणूस निवांत राहतो. खरं पाणी तिसऱ्या-चौथ्या तासाला येतं, आणि मागच्या खोलगट भागात आधी भरतं.

प्रतिसाद ३

शिंपल्यांबाबत जपून. शिंपले, कालवं पाणी गाळून खातात, त्यामुळे पाण्यातली घाण आणि विषारी सूक्ष्म शैवालाचं विष त्यांच्या अंगात साठतं. हे विष शिजवून जात नाही, आणि चवीवरून कळतही नाही. मोठ्या पावसानंतर किंवा सांडपाण्याच्या तोंडाजवळचे तर नकोच. तुमच्या किनाऱ्यावर शिंपले काढण्यावर बंदीची सूचना नाही ना, ते आधी बघा. नसेल तरी आमिषाच्या बादलीत रात्र काढलेले खाऊ नका, ते गळालाच लावा.

खडकांत सुंदर, शंकूच्या आकाराचा नक्षीदार शंख दिसला तर उचलू नका. त्यातल्या काही जातींचा दंश जीवघेणा असतो. उलथलेला दगड पुन्हा जसा होता तसा ठेवा, त्याच्या खालच्या बाजूला जगणारे जीव उन्हात मरतात. पोटाखाली अंड्यांचा पुंजका असलेली खेकडी सोडून द्या.

मूळ लेखक

मनापासून आभार. कागदाचा प्रयोग पुढच्या उधाणाला करतो. खेकडेही असेच ओल्या कागदात राहतील, की त्यांना पाणी लागतं?

प्रतिसाद १

ओलं शेवाळ टाका, पाण्याची गरज नाही. कल्ले ओले राहिले की पुरे. फक्त किड्यांसोबत एका डब्यात ठेवू नका, खाऊन टाकतात.